पाठीचा कागद

काचवाल्याने पट्टी दाबून धरली, हिरा काचेवर टेकवला आणि रेघ ओढायला सुरुवात केली, तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

रेघ अर्ध्यात सोडता येत नाही. सोडली की काच आपल्याला हवी तिथून तुटत नाही, तिला वाटेल तिथून तुटते. त्याने रेघ शेवटपर्यंत नेली, खालून दोन टिचक्या मारल्या, तुकडा वेगळा केला आणि भिंतीला टेकवून उभा केला. तोवर फोन थांबून पुन्हा वाजायला लागला होता.

"मॅडम चक्कर येऊन पडल्यात," बायकोच्या शाळेतला शिपाई सांगत होता. "दवाखान्यात नेतोय. तुम्ही तिकडेच या."

तो पोचला तेव्हा बाकावर त्याची मुलगी आधीच बसलेली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून हातात घेतला. त्याला काही विचारावं लागलं नाही.

शाळेतून निघायच्या आधीच सगळं संपलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. तरी ते रेघेचे वीस सेकंद त्याच्या डोक्यातून जाईनात.

पाहुणे आले, राहिले, गेले. घरात तो आणि ठकी, अशी दोघं उरली. ठकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी फोटो काढताना लाकडी बाहुलीसारखी ताठ उभी राहायची म्हणून आईने ठेवलेलं. आता ती चोवीस वर्षांची झाली होती, चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती, पण घरात नाव तेच चिकटलं होतं.

जेवणाच्या टेबलावर शिवणाचं मशीन होतं तसंच होतं. ते हलवायचं दोघांच्याही मनात आलं नाही. दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवत.

दोन वर्षांपूर्वी ठकीला कॉस्प्लेचं खूळ लागलं होतं. चित्रकथेतल्या एखाद्या पात्राचा पोशाख हुबेहूब आपल्या हातांनी बनवायचा आणि तो घालून मेळाव्यात मिरवायचं. तिथे म्हणे तीनतीनशे जण तसेच नटूनथटून येतात. यंदा लेकीचं खूळ आईला दुपटीने लागलं. जन्मात शर्टाचं बटण धड न लावलेली बाई कुणाचं तरी जुनं मशीन घेऊन आली आणि शाळा सुटल्यावर शिवणाच्या क्लासला जाऊ लागली.

"मायलेकींनी हे काय सोंग काढलंय?" तो जेवायला जागा शोधत विचारायचा.

"तुम्ही त्या स्टुलावर बसा," बायको म्हणायची. "आणि सोंग म्हणायचं असेल तर मोठ्याने म्हणू नका. सहा मीटर कापड ऐकतंय."

यंदाचं पात्र होतं दीपगृहाची राखणदारीण. घोट्यापर्यंत निळा-काळा कोट, छातीवर चिलखत, डोक्यावर टोप, टोपाला डोळ्यांपुढे वाकडी काच आणि हातात कंदील. फोम कापून चिलखत ठकीने करायचं, कोट आईने शिवायचा. टोपाची आणि कंदिलाची काच मात्र खरी चालत नाही, अ‍ॅक्रिलिकची लागते. आता घरात काचवाला असताना ती दुसरं कोण करणार?

"उद्या बघतो," तो म्हणाला. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा थंडी होती. शेवटचं म्हणाला तेव्हा पंखे लागले होते.

बायको जाऊन महिना झाला आणि एका सुट्टीच्या सकाळी त्याने टेबल आवरायला घेतलं. ठकी कामाला गेली होती. मशीनमागे खाकी कागदाची गुंडाळी होती. त्याने ती उलगडून चार कोपऱ्यांवर चार डबे ठेवले. सगळ्यात वरच्या कागदावर पेन्सिलीने कोटाची पाठ आखलेली होती, आत मापं लिहिलेली होती. कडेला कोरी जागा होती आणि कोरी जागा दिसली की बायकोला राहवत नसे. कॅलेंडर असो, औषधाचं पाकीट असो, ती काहीही लिहून ठेवायची. इथेही एकाखाली एक लिहिलं होतं.

ठकीला मोजे.
गॅस सांगणे.
अ‍ॅक्रिलिकचं परत विचारलं. उद्या म्हणाले.
माया नाही.

शेवटच्या दोन शब्दांखाली दोन रेघा होत्या.

त्याने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. सव्वीस वर्षांत ती असं तोंडावर कधी बोलली नव्हती. चिडली तर भांडी जरा जोरात ठेवायची, इतकंच. तो बराच वेळ वाकून उभा राहिला. मग कात्री घेतली, कडेची ती पट्टी कापून काढली, तिच्या चार घड्या केल्या आणि पाकिटात ठेवली. ठकीच्या नजरेला पडायला नको.

त्याच्या दुकानाला लागूनच सुताराचा गाळा होता. चौकटी तो करायचा, काच हा बसवायचा. वीस वर्षं दोघांचा असा शेजार होता.

"तुझी बायको तुझ्याबद्दल कधी काही लिहून ठेवते का रे?" त्याने दुसऱ्या दिवशी विचारलं.

सुताराने रंधा थांबवला. "लिहायचे कष्ट कशाला घेईल? तोंड आहे की तिला. चांगलं धारदार आहे."

"नाही, पण समज लिहिलं. तू वाचावंस म्हणून नाही. आपलं आपल्यापुरतं."

"मग ते खरं असणार," सुतार हसत म्हणाला. मग त्याचा चेहरा पाहून हसायचा थांबला. "का रे? काय झालं?"

"काही नाही. ती फळी सरकव जरा, उजेड अडतोय."

त्या आठवड्यात त्याने अ‍ॅक्रिलिक कापलं. हीट गनने तापवून घरातल्या पातेल्यावर वाकवलं. पहिली काच करपली, दुसरीवर बुडबुडे आले, तिसरी बसली. कंदिलाला आठ बाजू होत्या. आठही त्याने अशा जोडल्या की सांधा बोटाला लागत नव्हता. आत छोटा दिवा बसवला. एवढं करायला त्याला चार संध्याकाळी लागल्या. चार संध्याकाळींचंच काम होतं ते.

ठकीने कंदील लावला, विझवला, परत लावला.

"छान झालाय," ती म्हणाली. "पण मी मेळाव्याला जाणार नाहीये, बाबा. कोटच नाही. काय घालू, तुमचा रेनकोट?"

"अजून बारा दिवस आहेत."

"मला मशीनला हात लावावासा वाटत नाही."

दोन दिवसांनी त्याने दुकान बंद ठेवलं. फरशी पुसून कोरडी केली आणि कापड पसरलं. साधं पांढरं कापड आणून बायकोने ते घरीच रंगवलं होतं, बादलीत, तीनदा. हवा तो रंग येईपर्यंत कुणालाही बाथरूममध्ये जाऊ दिलं नव्हतं. त्याने पाठीचा कागद वर ठेवला, पुढच्या दोन भागांचे कागद मांडले, लोखंडी पट्टीने दाबले, खडूने रेघा मारल्या. मापाचं काम होतं आणि मापात तो कुणाला हार जात नव्हता. निदान हे तरी तिच्या मनासारखं व्हावं, म्हणून त्याने घाई केली नाही. सबंध दुपार लावून तीन तुकडे कापले.

ठकी संध्याकाळी आली आणि दारातच थांबली. एक चप्पल पायात, एक हातात.

"बाबा, हे कोणी कापलं?"

"मी. धार बघ. कुठे केसभर इकडेतिकडे नाही."

ती खाली बसली. पाठीचा तुकडा उचलून तिने दोन्ही हातांनी ताणला, कागदावर ठेवला, पुन्हा उचलला.

"बाजूने किती सोडलंत?"

"सोडायचं कशाला? उलट सूतभर आतून घेतलंय. नाहीतर बसत नाही."

"कशात बसत नाही?"

"चौकटीत," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचं त्यालाच ऐकू आलं.

"मी काय खिडकी आहे का, बाबा?"

तिला हसू फुटलं, पण ते टिकलं नाही. तिने तुकडा मांडीवर घेतला. "आता हा शिवला की मला श्वाससुद्धा घेता येणार नाही. आणि असलं कापड परत कुठून आणायचं? बाथरूममधला डाग अजून गेला नाही तिचा." मग तिने कागद हातात घेऊन फिरवून पाहिला. "इथे कडेला काहीतरी लिहिलेलं असणार. आई लिहायचीच. ही बाजू कापली कोणी?"

कचऱ्यात गेली म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. त्याने तोंड उघडलंही. मग त्याने मागच्या खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून पट्टी काढली आणि तिच्यापुढे धरली.

"वाच," तो म्हणाला. "तुलाही कळू दे."

आणि पाणी प्यायला म्हणून तो ओट्याकडे वळला. पेला भरला, पण प्यायला नाही.

"अहो बाबा, लिहिलंय की!" मागून ठकी ओरडली. "चांगल्या दोन रेघा मारून लिहिलंय. माया नाही!"

"हो."

"हो काय? वाचलं होतंत ना तुम्ही?"

"वाचलं. तिला वाटलं ते तिने लिहिलं. मी काय म्हणणार?"

मागे कागद सळसळला.

"यात तिला काय वाटायचंय?" ठकीने सावकाश विचारलं. "शिवणीची माया, बाबा. शिवण घातल्यावर आत जातं ना कापड, ते. कागदात ती धरलेली नाही, तर कापताना बाजूने अर्धा इंच सोडून कापायचं. क्लासच्या बाई रोज ओरडायच्या म्हणे, माया सोडा, माया सोडा."

पेला त्याच्या हातात तसाच होता.

"एवढंच?"

"एवढंच काय? पाठ गेली, पुढचे दोन्ही गेले!"

"तसं नाही. त्याचा अर्थ एवढाच ना?"

ठकीने पट्टीकडे पाहिलं. घड्या घालून उलगडून, घालून उलगडून कागद कापडासारखा मऊ झाला होता. घडीवरची अक्षरं पुसट झाली होती.

"ही पाकिटात कशाला घेऊन फिरत होतात?"

"हरवेल म्हणून."

तिचा अंगठा वरच्या, 'उद्या म्हणाले'च्या ओळीवर होता. तो ओट्याजवळून आला, गुडघ्यावर हात टेकून तिच्याशेजारी फरशीवर बसला.

"वरचं मात्र माझ्याबद्दलच आहे," तो म्हणाला.

"हो," ठकी म्हणाली. "ते तुमच्याबद्दलच आहे."

मग ठकीने उरलेलं कापड ओढून घेतलं, हाताने मोजलं. दोन्ही बगलांखाली जोड देता आला असता, वरपासून खालपर्यंत.

"दिसेल का?" त्याने विचारलं.

"दिसणारच. असू दे. वाऱ्यापावसात उभी असते ती बाई, एखादा जोड चालेल तिला." तिने खडू त्याच्या हातात दिला. "अर्धा इंच."

"अर्धा इंच," तो म्हणाला आणि आखायला वाकला.

त्या आठवड्यात ठकी मशीनवर बसली. पाठ आणि पुढचे भाग जोडले गेले, गळा लागला. जोड दिसतो. मग तिने गुंडाळीतला शेवटचा कागद उघडला. त्यावर आईच्या अक्षरात वर बाह्या असं लिहिलं होतं, खाली हाताची लांबी आणि मनगटाचा घेर. आखलेलं काहीच नव्हतं. क्लासमध्ये बाही पुढच्या महिन्यात शिकवणार होते. काचवाल्याने कडेची कोरी जागासुद्धा उजेडात धरून पाहिली. तिथेही काही लिहिलेलं नव्हतं.

मेळावा होऊन गेला. ठकी गेली नाही. चिलखत तयार आहे, टोपाला काच बसली आहे, कंदील लागतो. कोट मशीनच्या पाठीवर टाकलेला आहे. बाही कशी आखतात ते दोघांनाही येत नाही. दोन्ही बाह्या बाकी आहेत.