काचेआडचं ऊन

हे लिहायचंच नाही, असं जवळजवळ ठरलं होतं. दोनदा फोनवर टाइप झालं, दोनदा पुसलं गेलं. कारण एकच, फुग्याचे बाबा हे वाचतील, आणि त्यांच्या कामाला कोणी नावं ठेवलेली त्यांना खपत नाहीत. म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं: काम चोख होतं. चुकलं ते दुसरंच.

फुग्या म्हणजे काचवाल्याचा मुलगा. वय सतरा. पंधराव्या वर्षी त्याला ल्युपस झाला. म्हणजे शरीराची जी ताकद बाहेरच्या जंतूंशी भांडायला ठेवलेली असते, ती घरातल्याच माणसांवर धावून जाते. सांधे, कातडी, मूत्रपिंडं, समोर येईल त्याला झोडपते. हा आजार मुलींना जास्त, मुलांना कमी. त्यामुळे दवाखान्याच्या रांगेत सगळ्या पोरी आणि मध्ये हा एकटा पोरगा, चुकून भलत्याच डब्यात चढल्यासारखा. स्टेरॉइड सुरू झालं तेव्हा त्याचं तोंड असं सुजलं की डोळे शोधावे लागायचे. वर्गाने नाव ठेवलं फुगा, त्याचं झालं फुग्या. पुढे डोस कमी झाला, तोंड जागेवर आलं, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. त्याने म्हटलं, राहू दे. नाव चालेल. ते तोंड परत नको. त्यासाठी तो वाट्टेल ते करायला तयार होता.

आता या आजाराची एक गंमत आहे. गंमत कसली, डोक्याला ताप आहे. ऊन लागलं की आजार चवताळतो, म्हणून उन्हात जायचं नाही. उन्हात जायचं नाही म्हणून अंगात व्हिटॅमिन डी तयार होत नाही. आणि स्टेरॉइडने हाडं आधीच पोखरायला घेतलेली असतात, त्यांना तर डी हवंच हवं. मग आठवड्याला एक कॅप्सूल. डॉक्टरबाईंनी लिहून दिली, विषय तिथेच संपायला हवा होता.

पण पोराचं डी कमी आलंय म्हटल्यावर अख्ख्या बिल्डिंगला तोंड फुटलं. जिन्यात भेटेल तो शहाणपण शिकवायचा. ऊन फुकट मिळतं म्हणे, पोराला घरात कोंडून गोळ्या काय चारता. बाबांना ते लागलं. बाबा मुळात कमी बोलणारे, आणि बोलले तर मिलिमीटरमध्ये. रोज सकाळी पोराच्या तळहातावरचा गोळ्यांचा ढीग बघून त्यांचा जीव तुटायचा. आणि त्यांना जे सुचलं ते फक्त काचवाल्यालाच सुचू शकतं. पोराला ऊन हवंय, पण थेट अंगावर नकोय. मग मध्ये काच घालू.

सुटीच्या दिवशी त्यांनी गॅलरी बंद करायला घेतली. ॲल्युमिनियमच्या चौकटी, सरकत्या काचा, कडेला रबर, फटीत सिलिकॉन. बोट फिरवलं तर सांधा लागायचा नाही. खुर्ची ठेवली, मागे उशी. सकाळी कोवळं ऊन आत आलं की ते चहाचा कप घेऊन दारात उभे राहायचे आणि पोराच्या अंगावर ऊन कुठपर्यंत चढलंय ते बघायचे, जणू रंग वाळतोय. मग एक दिवस म्हणाले, आता ती कॅप्सूल कशाला, एक तरी कमी होऊ दे. आईने मान डोलावली. फुग्यालाही बरंच वाटलं. एक गोळी कमी, वर पाठीला शेक. कोण नाही म्हणणार.

डॉक्टरबाईंना विचारायचं मात्र कोणाच्याच मनात आलं नाही. ऊन काय विचारून घ्यायचं असतं?

पुढच्या तपासणीला गालावरचा चट्टा परत आला होता, बोटांचे सांधे सकाळी उघडत नव्हते, आणि डी वाढायचं सोडून आणखी खाली गेलं होतं. बाईंनी रिपोर्टवरून नजर उचलली आणि विचारलं, कॅप्सूल घेतोस ना? फुग्या हो म्हणाला. गॅलरी, बाबा, तो कप, हे सगळं एका दमात कसं सांगणार? बाई म्हणाल्या, तुझ्या वयाची सगळीच मुलं हो म्हणतात. मग आवाज न चढवता त्यांनी सांगून टाकलं. पुढच्या वेळी हेच चित्र दिसलं तर स्टेरॉइडचा डोस परत वाढवावा लागेल.

फुग्या बाहेर आला आणि बाकावर बसला. शेजारी टोपी.

टोपी म्हणजे रांगेतली त्याची एकुलती एक मैत्रीण. पंधरा वर्षांची, आजार तोच. डोक्यावर सुपाएवढी टोपी, दवाखान्याच्या ट्यूबलाइटखालीसुद्धा काढायची नाही. जीभ अशी की नर्ससुद्धा तिला सुई टोचताना जपून बोलायच्या. तिने फुग्याचं तोंड बघितलं आणि विचारलं, कोण मेलं. त्याने सगळं सांगितलं. गॅलरीचंही सांगितलं, कारण टोपीशी खोटं बोलायला जास्त मेहनत लागते.

ती हसली नाही. तिने टोपी मागे सारली आणि डावा गाल त्याच्यापुढे धरला. तिथे फिकट होत आलेला चट्टा होता. उजवा गाल स्वच्छ.

"एकच गाल का, ते सांग."

त्याने दोन्ही गाल परत निरखून बघितले.

"बसमध्ये रोज डाव्या खिडकीला बसायचे. काच बंद. मला पण वाटायचं, काच आहे ना, मग काय होतंय. अरे, उन्हातलं जे डी बनवतं ना, ते काचेच्या बाहेरच अडकतं. आणि जे कातडी जाळतं ते बरंचसं आत येतं. तुझ्या बाबांनी तुला गाळून गाळून नेमकं वाईट तेवढं दिलंय."

फुग्या म्हणणार होता की काचेचं आम्हाला शिकवू नकोस. तोंड उघडलंही होतं. पण त्याच क्षणी त्याला बाबांच्या दुकानातला, ऊन अडवायला काचेवर चिकटवतात त्या फिल्मचा रोल आठवला आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

तो उठला आणि नंबर नसताना परत आत घुसला. आत दुसरी पेशंट होती, तिची आई चिडली. फुग्याने दारातूनच कबूल केलं की कॅप्सूल बंद होती, तो काचेमागे उन्हात बसत होता, आणि मघाशी तो खोटं बोलला. डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. टोपीने सांगितलं तेच त्यांनी जरा नीट करून सांगितलं. पूर्ण बाह्या, क्रीम, टोपी, आणि आठवड्याची कॅप्सूल जेवणाबरोबर. राहिलेल्या कॅप्सूल एकदम घ्यायच्या नाहीत. हेही सांगितलं की डीने ल्युपस बरा होत नाही, पण हाडांना दुसरा वाली नाही. मग विचारलं, घरी मी बोलू का? फुग्या नको म्हणाला. हे त्याचं त्यालाच बोलायचं होतं.

घरी आल्यावर त्याने वेळ बघितली नाही, मूड बघितला नाही. बाबा जेवत होते. त्याने सांगून टाकलं की तो उद्यापासून गॅलरीत बसणार नाही, आणि का बसणार नाही.

बाबांचा हात ताटात थांबला. म्हणाले, तीस वर्षं काच कापतोय, काचेतून काय येतं ते मला दवाखान्याच्या बाकावर बसलेली पोरगी शिकवणार का. आईने फुग्याला डोळ्यांनी गप्प बस म्हटलं. तो गप्प बसला नाही.

"बाबा, आपण गिऱ्हाइकाला फिल्म काय सांगून विकतो?"

बाबांनी आमटीची वाटी पुढे ओढली.

"काचेतून ऊन येतं, पडद्यांचा रंग उडतो, सोफा विटतो, म्हणून फिल्म लावा. तुम्हीच सांगता. मग पडद्याला जे बाधतं ते मला बाधणार नाही?"

"ते सामान असतं घरातलं."

"मी पण घरातलाच आहे."

बाबा उठले, हात धुतले आणि दुकानात निघून गेले. आई म्हणाली, एवढं मन लावून केलं होतं रे त्यांनी, जरा गोडीत सांगायचंस. फुग्या म्हणाला, गोडीगोडीतच तर इतके महिने बसलो. शब्द त्याने मागे घेतला नाही.

पुढचे काही दिवस घरात युद्ध चाललं ते एका खुर्चीवरून. सकाळी बाबा खुर्ची गॅलरीत ठेवायचे. फुग्या उठून ती आतल्या बोळात आणायचा आणि तिथे बसून चहा प्यायचा, फुर्र आवाज करून, मुद्दाम. बाबा दुसऱ्या दिवशी परत ठेवायचे. कॅप्सूल मात्र त्याने सुरू केली. आईच्या हातातून घेतली, सगळ्यांसमोर, ताटावर बसून. जिन्यात शेजारच्या काकांनी विचारलं, काय रे, ऊन खातोस की नाही. फुग्या म्हणाला, काका, तुम्हीच खा, माझ्या वाटणीचं पण खा. काकांनी त्या दिवसापासून जिन्यात बोलणं सोडलं. तेवढंच बरं झालं.

पण गॅलरीतलं ऊन दुपारपर्यंत खोलीत शिरायचं, त्याच्या पलंगापर्यंत. पडदा लावला की घर गुदमरायचं. शेवटी एका संध्याकाळी त्याने दुकानातून फिल्मचा उरलेला तुकडा उचलून आणला. साबणाचं पाणी केलं, काचेवर मारलं, मागचा कागद सोलला आणि फिल्म चिकटवायला लागला. हे काम त्याने शंभर वेळा बघितलं होतं. बघणं वेगळं. बोटांचे सांधे सुजलेले, फिल्मखालचं पाणी ओढायची रबरी पट्टी हातातून निसटायची, आणि पहिल्याच काचेवर एवढे बुडबुडे आले की गोवर उठल्यासारखी दिसायला लागली. कोपऱ्यात घडी पडली. तरी तो ओढत राहिला. दुखत होतं तरी ओढत राहिला.

मागे बाबा येऊन उभे होते. किती वेळ कोण जाणे.

त्यांनी ते बुडबुडे बघितले, आणि काचेवर असं काम बघून त्यांचा चेहरा असा झाला, जणू कोणी घरात चिखलाचे पाय घेऊन आलंय. पोरगा बरोबर की आपण, हे बाजूला राहिलं. ही असली काच आपल्या घराला? त्यांनी कोपरा धरून सगळी फिल्म सर्रकन उपटली. फुग्याला वाटलं, झालं, आता बोलाचाली होणार. त्याने पट्टी घट्ट धरली.

"हा माल चालणार नाही," बाबा म्हणाले. "हा नुसता उकाडा कमी करतो. पडद्यांसाठीचा तो वेगळा रोल."

ते परत दुकानात गेले आणि तो वेगळा रोल घेऊन आले. अख्खा, सील न फोडलेला. मग पट्टी त्याच्या हातातून काढून घेतली नाही. त्याच्या कोपराला हात लावला आणि म्हणाले, मनगटाने नाही, इथून ओढायचं. दोघांनी मिळून सगळ्या काचा केल्या. माफीबिफी कोणी मागितली नाही. शेवटच्या काचेला बाबा पाठमोरेच म्हणाले की फिल्म लावली तरी सकाळचं बसणं बंद, आणि ती कॅप्सूल तेलातुपाच्या जेवणाबरोबर घ्यायची, अंगाला जास्त लागते. हे कुठून कळलं, असं फुग्याने विचारलं नाही. औषधाच्या दुकानाशिवाय दुसरं कुठून कळणार होतं? बाबा तिथे जाऊन विचारून आले होते, हे त्याला पुरेसं होतं.

पुढच्या तपासणीला चट्टा फिकट झाला होता. बोटं अजून कुरकुरत होती. डी अजून कमीच होतं, पण चढायला लागलं होतं. डॉक्टरबाईंनी पेन टेकवलं, जरा विचार केला आणि डोस आहे तसाच ठेवला. फुग्या बाहेर आला तो हसतच. टोपीला कधी सांगतो असं झालं होतं.

टोपी बाकाच्या टोकाला बसली होती. डोक्यावरची टोपी इतकी खाली ओढलेली की हनुवटीच तेवढी दिसत होती. तिची आई औषधांच्या खिडकीपाशी उभी होती. फुग्याने विचारलं, काय झालं. ती म्हणाली, लघवीत प्रोटीन आलंय, मूत्रपिंडाला सूज आहे, आजपासून स्टेरॉइड, मोठा डोस.

तिने बसमधली जागा कधीच बदलली होती. कॅप्सूल चुकवली नव्हती, क्रीम चुकवलं नव्हतं, टोपी तर झोपताना सुद्धा काढत नसेल. सगळं नीट केलं होतं. तरी झालं. या आजाराला लाजच नाही. फुग्याला इतका राग आला की त्याला स्वतःच्या चांगल्या रिपोर्टचीच चीड आली.

टोपी हळू आवाजात म्हणाली की तिने ठरवलंय, तोंड सुजलं की शाळेत जायचं नाही. आणि त्या गोळ्या जिभेखाली ठेवून नंतर थुंकता येतात, हे तिने एका मुलीकडून ऐकलंय.

"थुंकलीस तर मूत्रपिंड जाईल," फुग्या म्हणाला.

"तोंड जाईल त्याचं काय? तुला काय, तू सुटलास."

तिचं खरं होतं. मग त्याने फोन काढला आणि एक फोटो शोधला. त्याने तो आजपर्यंत कोणालाच दाखवला नव्हता. पंधराव्या वर्षीचा फुगा, डोळे गायब, मान गायब, गाल कानापर्यंत. टोपीने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग डोक्यावरची टोपी बोटभर वर सारली आणि ती म्हणाली, बाप रे, हे तर तुझ्या आत्तापेक्षा बरं दिसतंय.

"दिसू दे. ऐक. तोंड सुजलं की पहिल्या दिवशी हा फोटो मोठा करून शर्टावर लावतो आणि तुझ्या शाळेच्या फाटकापर्यंत तुझ्याबरोबर चालत येतो. दुपारच्या उन्हात नाही, सकाळी, पूर्ण बाह्या घालून, डोक्याला टोपी. ज्याला हसायचंय त्याने आधी मला हसायचं, मग तुझी पाळी. दुसऱ्या दिवशी पण येतो. तुझं तोंड जागेवर येईपर्यंत येतो. बाबांना सांगून ठेवतो, तेवढे दिवस मी दुकानात मदतीला उशिरा येईन. तू फक्त गोळी गिळायची. माझ्या बाजूने एकही दिवस चुकणार नाही, शब्द देतो."