ब्रदर ऑगस्टिनचा अधांतरी चेंडू

रविवारी दुपारी तीनच्या आत ब्रदर ऑगस्टिनच्या सभागृहात पोचले नाही, तर बसायला जागा मिळत नसे. ऑल्डर हीथ हे काही मोठे गाव नव्हे, पण त्या महिन्यात निम्मे गाव तिथे लोटत होते. खाटीक येई, शाळेची मुख्याध्यापिका येई, पोलिसाची बायको येई. त्यांचे मला नवल नव्हते. नवल होते ते पुढच्या दोन रांगांचे. तिथे आमच्या विमान-संशोधन केंद्रातली मंडळी बसत. वाऱ्याच्या बोगद्यात लाकडी पंख टांगायचे, पलीकडून भला मोठा पंखा सोडायचा आणि हवा कुठून कशी वाहते ते मोजायचे, यात ज्यांची हयात गेली ती माणसे टोप्या मांडीवर ठेवून, तोंडाचा आ वासून एका चेंडूकडे बघत.

चेंडू साधाच होता. टेबल-टेनिसचा, वरून चंदेरी रंग दिलेला. सभागृहाच्या मधोमध एक जड गोल टेबल आणि त्याच्या मध्यावर बशीएवढी नक्षीदार पितळी जाळी. कोपऱ्यात ऑर्गन, आणि ऑर्गनवर ब्रदरची बहीण मिस ॲग्नेस. तिने सूर धरला की ब्रदर जाळीवर चेंडू ठेवत, दोन्ही हात वर करत, आणि चेंडू उठे. टेबलापासून हातभर उंचीवर तो अधांतरी थरथरत राही. दोरा नाही, काठी नाही, काळोखही नाही. सगळे भर दुपारी, खिडक्यांचे पडदे बाजूला सारून.

"अंधार लागतो तो लबाडांना!" ब्रदर गरजत. "मला लपवायचंय काय? अरे, मी कोण? मी नुसती टपालपेटी! पत्र टाकणारे आत्मे पलीकडे बसलेत!" मग आवाज एकदम लोण्यासारखा मऊ होई. "सूक्ष्म ईथरची सातवी पातळी खाली उतरते आहे, लेकरांनो. गार झुळूक जाणवेल. घाबरू नका. तो त्यांचा श्वास आहे."

मेलेला माणूस श्वास कसा घेतो, हे विचारायचे एकालाही सुचले नाही.

पलीकडे बसलेला तो म्हणजे रॉबिन केलावे, आमचा चाचणी-वैमानिक. १९५१ च्या मार्चमध्ये तो नवे विमान घेऊन वर गेला, वेग वाढवत असताना विमानाचे शेपूट थडथडू लागले, तुटले, आणि विमान बीटच्या शेतात कोसळले. वय अवघे एकतीस. उड्डाणाआधी तो आम्हा आकडेमोड करणाऱ्या बायकांच्या खोलीत डोकावून विचारायचा, "काय बायांनो, वारा आज माझ्या बाजूचा आहे ना?" मला तो फार आवडायचा. त्याच्या नावाचा असा तमाशा मांडलेला पाहून माझे डोके भणभणत असे.

पहिले दोन रविवार नुसती खुशाली झाली. चेंडू डावीकडे कलला की हो आणि उजवीकडे कलला की नाही. रॉबिन सुखात होता, त्याला दुखत नव्हते, तिकडे फुले होती. तिसऱ्या रविवारी त्याची बायको मार्जरी उभी राहिली. तीन महिन्यांत ती अर्धी झाली होती.

"रॉबिन," ती म्हणाली, "विमानात दोष होता का रे?"

चेंडू उजवीकडे कलला.

"मग कोणाची चूक?"

ब्रदरनी डोळे मिटून विमानांच्या हँगरमधल्या माणसांची नावे एकेक करून घेतली. चेंडू जागचा हलेना. "सिडनी ब्रॅमॉल," ते म्हणाले आणि चेंडू डावीकडे असा झुकला की आता पडतो की काय वाटले. पण पडला नाही. हवेत तिरका लटकून राहिला.

सिड ब्रॅमॉल आमचा फिटर. चोवीस वर्षे हँगरमध्ये काढलेला माणूस. त्या दिवशी शेपटाच्या बिजागरीत करंगळीएवढी पिन घालून तिची टोके वाकवण्याचे काम त्याचे होते. ती पिन राहिली असेल, अशी कुजबुज गावातल्या दारूच्या गुत्त्यात आधीपासून होतीच. आणि दर रविवारी बैठकीआधी मिस ॲग्नेस मागच्या खोलीत सगळ्यांना चहा पाजत असे आणि कान टवकारून ऐकत असे. आत्म्याला बातम्या कुठून मिळत, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. पण ती वापरणार कोण?

सोमवारपासून सिडच्या टेबलावर कोणी जेवायला बसेना. बुधवारी त्याच्या कपाटावर कोणीतरी खडूने 'खुनी' असे लिहिले. शुक्रवारी मी हँगरमध्ये गेले, तर तो खोक्यावर बसून काहीतरी खरडत होता.

"काय लिहितोस रे, सिड?"

"चौकशी समितीला द्यायचंय, येत्या सोमवारी. पिन माझ्याकडून राहिली म्हणून."

"राहिली होती का?"

"घातली असंच आठवतंय." त्याने टोपी मागे सारली. "पण बाई, चोवीस वर्षं तेच काम. कालची पिन नि परवाची पिन डोक्यात एकच होऊन जाते. आणि रॉबिन कशाला खोटं बोलेल? त्या दिवशी त्याचे पट्टे मीच बांधले. 'सैल ठेव रे म्हाताऱ्या, पोट भरलंय' म्हणाला. तो माझं नाव उगाच घेईल?"

"रॉबिन नाही काही बोलला. चेंडू हलला."

"चेंडू डॉक्टर हॅथर्लींनी तपासलाय," सिड म्हणाला. "ते शिकलेले आहेत. मी कोण?"

ते ऐकून मला रडू आले, आणि रडण्यापेक्षा राग जास्त आला. निर्दोष माणूस स्वतःच्या हातांवरचा विश्वास सोडून, एका चंदेरी चेंडूच्या सांगण्यावरून खुनी व्हायला निघाला होता. सोमवारी तो कागद गेला असता, तर सिडची नोकरी, नाव, सगळे संपले असते. मी तडक डॉक्टर हॅथर्लींच्या खोलीत गेले.

डॉक्टर हॅथर्ली आमच्या बोगद्याचे प्रमुख. हवेच्या प्रवाहावर दोन जाडजूड ग्रंथ लिहिलेला माणूस. दार किलकिले राहून वारा आला, तर कारकुनाचा उद्धार करणारा माणूस.

"मी स्वतः तपासलंय, हिल्डा," ते म्हणाले. "चेंडूभोवती लाकडी कडं फिरवलं. दोरा नाही. लोहचुंबक जवळ नेलं. काही नाही. मग जाळीवर हात धरला."

"आणि?"

"गार झुळूक लागली." त्यांनी तळहात माझ्यापुढे धरला. "अगदी ब्रदर म्हणाले होते तशीच. खालून वर."

"डॉक्टर, खालून वर झुळूक लागली, तर आपल्या बोगद्यात तिला काय म्हणतात?"

"ते वेगळं गं. तिथं पंखा असतो."

मी शेपटाच्या चाचणीची आठवण करून दिली. विमानाचा नमुना बोगद्यात टांगून शेपटावर वारा सोडायचा, असे अपघातानंतर ठरले होते.

"आता कशाला?" डॉक्टर म्हणाले. "कारण तर कळलं."

हवा दिसत नाही. ती दाखवायची आमच्याकडे एक अगदी बायकी युक्ती आहे. बोटभर लांबीचे लोकरीचे तुकडे नमुन्यावर ओळीने चिकटवायचे आणि वारा सोडायचा. हवा सरळ वाहत असेल तिथे लोकर गपगुमान निजते, आणि हवा बिथरली असेल तिथे लोकर पिसाळल्यासारखी गरगरते. आठ वर्षे मी तेच करत आले. बोगद्यातल्या शास्त्रज्ञांचे निम्मे शहाणपण आमच्या लोकरीवर चालते.

चौथ्या रविवारी मी विणकाम घेऊन गेले. तिथे निम्म्या बायका विणतच बसत, त्यामुळे माझ्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिले नाही. माझ्या लांब सुईला मात्र मी लाल लोकरीचे सहा तुकडे बांधले होते. सिड शेवटच्या रांगेत होता. कोटाच्या खिशातून त्याचा कागद डोकावत होता.

मिस ॲग्नेसने सूर धरला, चेंडू उठला, ब्रदरची सातवी पातळी उतरली. मी उभी राहिले.

"ब्रदर, रॉबिनसाठी मी गळपट्टा विणतेय. रंग त्याला दाखवू का?"

ब्रदर विरघळले. "ये, लेकी, ये! श्रद्धेच्या हाताला इथं मज्जाव नाही!"

मी सुई टेबलाच्या कडेवर आडवी धरली. तुकडे खाली लोंबत होते. सुई हळूहळू चेंडूच्या खाली सरकवली. जाळीच्या वर येताच मधले दोन तुकडे ताडकन उभे राहिले आणि सरळ आभाळाकडे बोट दाखवू लागले. शेजारचे चार मात्र लोंबतच राहिले. मी सुई पुढेमागे केली. जो तुकडा जाळीवर येईल तो उभा आणि जो बाहेर जाईल तो लोंबता.

पुढच्या दोन रांगांत कोणीतरी "अरे देवा" म्हणाले. त्या माणसांना काही समजावून सांगावे लागले नाही. रोज बोगद्याच्या काचेतून ते हेच बघत होते. आकडेमोडीच्या खोलीत माझ्या शेजारी बसणारी फिलिस फस्सकन हसली.

"अश्रद्ध हात!" ब्रदर किंचाळले. "ईथर विटाळलं! हिला बाहेर काढा!"

"आत काय आहे ते बाहेर काढतेच," मी म्हणाले, आणि पुढच्या रांगेतल्या कोणाची तरी चहाची बशी उचलून जाळीवर पालथी घातली.

चेंडू पडला. टप, टप, टप करत डॉक्टर हॅथर्लींच्या बुटापाशी जाऊन थांबला. बशी जाळीवर थडथडू लागली. त्या आवाजाने घाबरून मिस ॲग्नेसने कळांवरचे हात उचलले. सूर बंद पडला, आणि जमिनीखालची घरघर सगळ्या सभागृहाला ऐकू आली.

"ती आत्म्यांची चाहूल—" ब्रदरनी सुरुवात केली.

"गप बसा हो," मार्जरी म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "सिड, बघ जरा काय आहे ते."

सिड मागून उठून आला. गुडघे टेकून टेबलाखाली शिरला. खिशातून पाना काढला. दोन मिनिटांत टेबलाचा जाड पाय उघडा पडला. आतून शिशाचा नळ खाली जमिनीत, आणि जमिनीखालून थेट ऑर्गनच्या विजेच्या पंख्याकडे गेला होता. ज्या हवेवर ऑर्गन वाजे, तीच हवा जाळीतून वर उसळे. तिची फुसफुस झाकायला मिस ॲग्नेसचा अखंड सूर होता. नळाचे तोंड वळते होते आणि त्याला ब्रदरच्या बुटाशी एक पायपट्टी जोडलेली होती. इकडे दाबली की हो, तिकडे दाबली की नाही.

"पण चेंडू तिरका कसा राहतो?" मुख्याध्यापिका विचारत्या झाल्या. "घसरून पडायला हवा."

तेव्हा डॉक्टर हॅथर्लींनाच बोलावे लागले. खाली मान घालून ते म्हणाले, "चेंडू झोतातून एका बाजूला सरकला, की झोत त्याच्या अंगाला चिकटून त्याच बाजूला वळतो. हवा तिकडे वळली, की चेंडू उलटा ढकलला जातो, म्हणजे परत झोतात. मी... मी हे शिकवतो."

टेबलाखालून सिडचा आवाज आला, आणि तो वेगळाच होता. "या पायपट्टीची पिन कोणी घातली? टोकंच वाकवलेली नाहीत! हे काय काम झालं?" तो बाहेर आला. हाताच्या बोटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी वाकवली होती. रॉबिनच्या विमानाची. पकड घसरून अंगठ्याला लागलं होतं, रक्त आलं होतं. तेव्हा तो हसला होता मला." त्याने अंगठा वर धरला. नखाच्या बुडाशी पांढरा वण होता.

मार्जरी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुझी बायको दुकानात भेटली तेव्हा मी तोंड फिरवलं, सिड."

"जाऊ द्या, बाईसाहेब."

"नाही, जाऊ देणार नाही. रॉबिन तुझ्याबद्दल असं कधीच बोलला नसता. हे मला ठाऊक होतं. तरी मी एका पंख्याचं ऐकलं." आणि ती रडू लागली. तीन महिन्यांत तिला कोणी नीट रडूही दिले नव्हते. मेलेल्या नवऱ्याशी गप्पा मारायला दर रविवारी तिला बोलावले जात होते ना!

सिडने तो कागद तिथेच फाडला. ब्रदर आणि भगिनी दुसऱ्या सकाळच्या गाडीने गाव सोडून गेली. त्याच आठवड्यात शेपटाची चाचणी झाली. लोकर मीच लावली. वेग वाढला तसे पंखाच्या बुडाशी हवा बिथरली आणि मागे जाऊन शेपटावर आदळू लागली. तिथले माझे सगळे लाल तुकडे पिसाळले. पिन असो की नसो, ते शेपूट टिकणारच नव्हते. दोष आकारात होता, आणि तो आकार आम्ही शिकलेल्यांनी काढला होता. नव्या आकारात शेपूट त्या बिथरलेल्या हवेच्या वर घेतले गेले. पुढचा वैमानिक तशा विमानातून सुखरूप खाली उतरला.

चमत्कार दिसला, तर हात जोडण्याआधी तो लोकरीच्या तुकड्याने तपासा. लोकर नसेल तर बशी पालथी घाला, तेही नाही जमले तर निदान प्रश्न विचारा. तपासणीला विटाळ म्हणणारा माणूस काहीतरी लपवतो आहे, एवढे नक्की धरा. आणि मेलेल्याची साक्ष काढून जिवंत माणसाला गुन्हेगार ठरवू नका. ब्रदर ऑगस्टिनला आम्ही खूप शिव्या घातल्या, अजूनही घालतो. पण त्याने केले काय? एक नळ बसवला आणि एक चेंडू उडवला. सिडच्या कपाटावर 'खुनी' हा शब्द खडूने लिहिणारा हात मात्र आमच्यापैकीच कोणाचा तरी होता.