दारातली हाक

अनसिंगच्या पेठेत पदमचंद किराणावाल्याचं तोंड दुकानाआधी उघडायचं आणि दुकान बंद झालं तरी सुरूच राहायचं. बोलणाऱ्याचा कोंडाही विकला जातो म्हणतात. पदमचंदचा रोज विकला जायचा. पण गिऱ्हाईक घटकाभराचं, बायको जन्माची. सूरजबाईचे कान चौदा वर्षांत किटून गेले होते. जेवताना तो ज्वारीच्या भावावर बोले, न्हाणीतून रस्त्यावरच्या माणसांशी बोले, झोपेतही कुणाला तरी कोणता साबण घ्यावा ते समजावून सांगे. त्याच्या बोलण्यात वाईट काहीच नसायचं, त्यामुळे बिचारीला चिडायचीही सोय नव्हती.

चौऱ्याहत्तर साली जैन मंदिरात कार्तिकात मोठं विधान, म्हणजे मोठी पूजा, करायचं आषाढातच ठरलं. त्यासाठी चौरंगावर रंगीत तांदळाच्या पिठाचं कमळ रेखावं लागतं, त्याला मंडल म्हणतात. गावात ते एकट्या पानाबाईला यायचं आणि म्हातारीचे हात आता कापत होते.

"शिकशीन का वं, सूरज?" तिने विचारलं. "पन मौन पाळा लागीन. रेघ वढताना बोललं, का सारं पुसाचं अन् पयल्यापासून काढाचं."

मौन म्हटल्यावर सूरजबाईने कमळ पुरतं ऐकूनही घेतलं नाही, हो म्हणून टाकलं.

चातुर्मासभर ती रोज दुपारी मंदिरामागच्या खोलीत बसे. परातीत चुलीतली चाळलेली राख पसरायची आणि बोटाने गोल काढायचा. श्वास सोडताना रेघ ओढायची, घेताना थांबायचं, एवढंच पानाबाईने शिकवलं. पहिले आठ-दहा दिवस गोल वाकडे येत आणि डोक्यात नवऱ्याची बडबड चालू राही. मग एका दुपारी उठताना तिच्या लक्षात आलं, की आज तो आवाज आलाच नाही. बाहेरून बैलगाडी गेली असेल, पोरं ओरडली असतील. तिला फक्त राखेतलं बोट ठाऊक होतं. इतकं सुख तिला माहेरीही मिळालं नव्हतं. घरी जाताना ती मुद्दाम लांबच्या बोळातून जाऊ लागली.

विधानाच्या आदल्या दिवशी ती चौसष्ट पाकळ्यांचं कमळ पुरं करत होती. पानाबाई जेवायला घरी गेली होती. एकसष्ट पाकळ्या झाल्या आणि दारातून हाक आली.

"अवं सूरज, जरा घरी चाल ना."

तिने ऐकलं, पण मागे पाहिलं नाही. तीनच पाकळ्या राहिल्या होत्या, आणि आता तोंड उघडलं तर दिवसभराचं काम पाण्यात. तो दारात उभा राहून आणखी काहीतरी बोलत होता, अगदी हळू. हळू बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं, हेही तिला जाणवलं. तरी तिने कान बंद केले. ती विद्या आता तिला चांगली साधली होती. थोड्या वेळाने चपला फरफटत गेल्या.

कमळ पुरं करून ती आली तेव्हा दुकानापुढे गर्दी होती. पदमचंद तागडीशेजारी पडला होता, तोंड एका बाजूला गेलेलं. वाशीमचा डॉक्टर म्हणाला, लकवा आहे. उजवं अंग गेलं, वाचा गेली, आणि अक्षरओळखही गेली. पाटीवर काही लिहून दाखवलं तर तो परमुलखातल्यासारखा बघत राही.

"तुले बलवाले आला होता म्हने?" पानाबाईने विचारलं.

"मले आयकूच नाही आलं."

"लागते वं ध्यान तसं," म्हातारी कौतुकाने म्हणाली. ते कौतुक सूरजबाईला आतून जाळत गेलं.

दुकान दिराने सांभाळलं. घर मात्र खायला उठलं. आता सूरजबाईच दिवसभर बोले. ज्वारीचा भाव सांगे, कोण आलं, कोण गेलं ते सांगे. तो भिंतीकडे बघे. तिला एकच गोष्ट हवी होती: त्या दिवशी तो दारात काय सांगत होता? डोकं दुखत होतं? भीती वाटत होती? सतरा वेळा विचारून झालं. तो मानेनेही ना हो म्हणे, ना नाही.

शेवटी तिने राखेची परात त्याच्यापुढे ठेवली. "लिव्हता येत नसन तर काढून दाखवा." त्याचं डावं बोट धरून तिने एक गोल काढला. दुसरा त्याने स्वतःच काढला. पौष-माघ असाच गेला. तो आता सकाळीच परातीकडे बोट दाखवे. त्याचे गोल नीट येऊ लागले, पाकळ्या येऊ लागल्या. बाकी काही त्याने काढलं नाही.

एका दुपारी तिला राहवेना. ती त्याच्या अगदी जवळ सरकली.

"अवो, मी खोटं बोलली साऱ्याइले. मले आयकू आली होती तुमची हाक. आयकून नाही उठली मी. काय म्हनत होते तुमी? निसती मान हालवा."

बोट राखेत थांबलं. थांबलं ते तिने स्पष्ट पाहिलं. मग ते पुढे सरकलं, पाकळी वळली, मिटली, दुसरी सुरू झाली. त्याने मान वर केली नाही. ऐकू येऊनही मान वर न करणं म्हणजे काय, हे साऱ्या अनसिंगात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.