सव्वाअकराची आरती

या, जरा सरकून जवळ बसा. टाळ खाली ठेवतो आणि तुम्हाला एक गोष्ट सांगतो. गोष्ट आहे वॉर्सा शहराची, पोलंडच्या राजधानीची. पण मी ती ऐकली आपल्या कोल्हापुरात, आमच्या गल्लीतल्या रामाच्या देवळात, चौऱ्याहत्तर सालच्या श्रावणात.

नृसिंहबुवा आमचे कीर्तनकार. तीस वर्षं श्रावणातला दर रविवार त्यांचा. पेटीवर अण्णासो, आणि मी मागे टाळ धरून उभा. त्या साली बुवांचा आवाज फाटू लागला होता. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी घसा बघून सांगितलं, "एवढा श्रावण करा, पुढचं बघू." तेव्हा बुवांना आपला एक जुना शब्द आठवला.

तो दिला होता झोफियाला. लढाईच्या काळात इथं जवळच वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. आमच्या कालिंदीताई पुढं शाळेत इतिहास शिकवू लागल्या. त्यांचे वडील त्या छावणीत कंपाउंडर होते. झोफिया ताईंच्या वयाची. टांग्यातून यायची, ताईंना चिकटून कीर्तनाला बसायची. कळत काही नसे, पण बुक्का लावायला कपाळ मात्र सगळ्यांच्या आधी पुढं करायची. अठ्ठेचाळीस साली मायदेशी निघताना तिनं ताईंकरवी विचारलं, "माझ्या गावाचं, वॉर्साचं, कीर्तन कधी कराल?"

बुवा म्हणाले, "तुझं गाव पुन्हा उभं राहू दे. मग करीन."

देवळाचे पंच हंबीरराव, गुळाचे व्यापारी, माणूस रोखठोक. ते म्हणाले, "तिकडच्या गावात राम कुठला हो बुवा?"

"मोडलेलं गाव लोक पुन्हा हातानं उभं करतात, ते तो असल्याशिवाय होतं होय?"

"बरं, करा. पण आख्यान गोडावर संपलं पायजे. मोडतोड ऐकवून माणसं घरला लावायची न्हाईत."

ताईंनी झोफियाची सव्वीस वर्षांची पत्रं बुवांना वाचून दाखवली. आणि श्रावणातल्या त्या रविवारी पूर्वरंग आटोपला, बुक्का फिरला, बुवांनी उपरणं सावरून आख्यान उघडलं.

काय सांगू तुम्हाला! विस्तुला नदी त्यांनी पंचगंगेइतकी जवळ आणून ठेवली. त्या नदीत म्हणे एक मत्स्यकन्या. एका व्यापाऱ्यानं तिला पकडून कोंडलं. कोळ्यांनी सोडवलं, तेव्हा ढाल-तलवार घेऊन ती म्हणाली, तुमच्या गावाला मी राखीन. मग झिग्मुंट राजानं आपलं बिऱ्हाड तिथं हलवलं आणि कोळ्यांचं गाव राजधानी झालं. त्याच्या मुलानं बापासाठी वाड्यासमोर उंच खांब उभारला. "दीपमाळ समजा," बुवा म्हणाले.

मागून बंडू सुतार म्हणाला, "दिवं किती तिला?"

"एकच. वर राजा उभा आहे तोच."

हसू ओसरायच्या आत स्वीडनची फौज आली, शहर लुटून गेली. लोकांनी पुन्हा बांधलं. मग शेजारच्या तीन राजांनी सगळा देशच वाटून घेतला. सव्वाशे वर्षं नकाशावर नाव नाही. "पण आया लेकरांना त्याच भाषेत निजवत होत्या," बुवा म्हणाले, "म्हणून देश गेला नाही."

आणि मग एकोणचाळीस साल. वाड्यावर जर्मनांचे बाँब पडले, मनोऱ्यावरचं घड्याळ बंद झालं. बुवांनी दोन्ही हात उचलले. एक अकरावर, एक तीनवर. "सव्वाअकरा," एवढंच म्हणाले आणि तसेच उभे राहिले. पेटी थांबली. देवळात पाखराची फडफड ऐकू येत होती.

पुढं शहर शत्रूवर उठलं. त्रेसष्ट दिवस लढलं. हरल्यावर शत्रूनं माणसं बाहेर काढली आणि घरामागून घर पेटवलं. वाडा तर सुरुंग लावून उडवला. पण माणसं परतली. तळघरांत राहिली. दोनशे वर्षांपूर्वी एका चित्रकारानं तिथले रस्ते खिडकी न् खिडकी रंगवून ठेवले होते. ती चित्रं समोर धरून तीच घरं पुन्हा उभी केली. विटा वाहणाऱ्या बायकांत आपली झोफिया होती.

ताईंनी पदर डोळ्यांना लावला. बुवा आरतीकडं वळणार, तोच बायकांतून विठाबाईचा आवाज आला. भाजी विकणारी म्हातारी, कीर्तन कधी चुकवायची नाही.

"बुवा, आन् ते घड्याळ? ते चालू झालं का न्हाई?"

बुवांनी ताईंकडं पाहिलं. ताई म्हणाल्या, "वाडा अजून बांधताहेत. घड्याळाचं तिनं काही लिहिलेलं नाही."

अण्णासोनं प्रसंग ओळखून पेटीवर आरतीची चाल धरली. बुवांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"व्हय म्हणा की बुवा," हंबीरराव हळूच म्हणाले. "कोण बघाय जातंय तितं?"

"ती पोर तिथं रोज बघते. माझ्या तोंडानं तिचं घड्याळ चालणार नाही." बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. "आख्यान अपुरं आहे. आरती राहिली."

तीस वर्षांत असं झालं नव्हतं. हंबीरराव उठून उभेच राहिले. "आरती न्हाई तर परसाद कसा वाटायचा? शिरा घमेलंभर केलाय की!" कुणी हसलं नाही. जाताना त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "श्रावण सरायच्या आत ही आरती झाली तर बरं. न्हाईतर पुढल्या साली ह्या जागंवर दुसरा बुवा."

पुढच्या रविवारी बुवा आले, रामाला नमस्कार करून बसून राहिले. अपुरं टाकून नवं आख्यान घेईनात. मी म्हटलं, "बुवा, जागा जाईल." तर म्हणाले, "जागा रामाची. आपण उभं राहायला मागून घेतलेली."

श्रावण संपायला चार दिवस उरले असताना मंगळवारी ताई शाळेतून तशाच धावत आल्या. हातात पत्र. एकोणीस जुलैला वाड्याच्या नव्या मनोऱ्यावर घड्याळ सुरू केलं होतं. बंद पडलं त्याच वेळेला, सव्वाअकराला. झोफियानं लिहिलं होतं, "गर्दीत उभी होते. तुमच्या देवळातल्या बुक्क्याची पुडी इतकी वर्षं जपली होती. त्यातला आज कपाळाला लावला. बुवांना सांग, आता करा."

गुरुवारी पंधरा ऑगस्टची सुट्टी. सकाळी देऊळ भरलं. हंबीरराव मनगटावरच्या घड्याळात बघत बसलेले. ताई म्हणाल्या, "तिकडं सव्वाअकरा वाजतात तेव्हा इथं पावणेचार होतात बुवा."

"रामाला दोन्ही कळतात," बुवा म्हणाले.

सव्वाअकरा होताच हंबीररावांनी मान हलवली, तसे बुवा उठले. दोन्ही हात उचलून जिथं सोडलं होतं तिथंच उभे राहिले. आवाज निम्मा हवेतच जात होता. पत्रातली चार वाक्यं सांगितली, आणि तीनवरचा हात बोटभर खाली सरकवला.

विठाबाईनं टाळी वाजवली. आरती झाली. शिऱ्याचं ताट हंबीररावांनी आधी तिच्यापुढं धरलं. "घे म्हातारे, तुझ्यापायी उपाशी ऱ्हायलो की." मग बुवांच्या पायाला हात लावून म्हणाले, "जागा तुमचीच. आवाज असू दे, नसू दे."

आवाज पुढल्या श्रावणापर्यंत टिकला नाही. बुवा नुसते येऊन बसायचे. ती जागा त्यांच्यासाठी मोकळी असायची. आता तेही नाहीत. तेव्हा एवढंच मागतो: कधी घड्याळात सव्वाअकरा झालेले दिसले, तर आमच्या नृसिंहबुवांची आठवण काढा.