अण्णांनी रद्द केलेली वाटणी

या विश्वात चमत्कार कधी घडला नाही, घडत नाही आणि घडणारही नाही, असं यशवंतराव वर्षानुवर्षं धारमधल्या प्रत्येक सभेत ठणकावून सांगत आले होते. अपवाद फक्त त्यांच्या स्वतःच्या बैठकीच्या खोलीचा, आणि तोही गेल्या मंगळवारपासून.

त्या खोलीत आता पाय ठेवायला जागा नव्हती. अण्णांच्या, म्हणजे यशवंतरावांच्या दिवंगत वडिलांच्या फोटोपुढे तळहाताएवढं एक यंत्र हार घालून ठेवलं होतं. मुळात ते गेम खेळण्याचं. देवासच्या नातीनं, ऋतिकानं, त्यात लिनक्स ही संगणकप्रणाली असलेलं मेमरी कार्ड घालून अण्णांची आवडती नाट्यपदं भरून दिली होती. अण्णा त्यात स्वतःचा आवाजही रेकॉर्ड करत. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही. तेराव्याला कुणीतरी यंत्राचं बटण दाबलं, तर गाण्याऐवजी काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं उमटली : इनव्हॅलिड पार्टिशन २.

भाषांतर यशवंतरावांनीच केलं. "पार्टिशन म्हणजे वाटणी. इनव्हॅलिड म्हणजे रद्दबातल. आणि दोन म्हणजे आम्ही दोघं भावंडं!" बोलताना त्यांच्या अंगावर काटा आला. त्यातले काही काटे निराळ्याच कारणानं आले होते, पण ते त्यांनी कुणाला दाखवले नाहीत.

धाकटी बहीण कल्पना, ऋतिकाची आई, हेही ऐकत होती. तिचा नवरा देवासच्या कारखान्यातून निवृत्त होत होता, क्वार्टर सुटणार होतं, आणि या घराचा अर्धा भाग मिळेल या भरवशावर तिनं सामान बांधायला घेतलं होतं. साक्षात वडीलच नाही म्हणाले, तर दाद कुणाकडे मागायची?

"सच बोलूँ भिया," आत्म्यांशी संपर्क जोडून देणारे, सतवासहून आलेले सिग्नलबाबा यंत्राभोवती तांब्याची तार फिरवत म्हणाले, "पैले आत्मा कौवे में आता था. अब कौवे बचे नहीं, तो कार्ड में उतरता है. अण्णाजी फुल नेटवर्क में हैं!"

"आमच्या सासूबाईंशी बोलणं होईल का हो?" शेजारच्या भवानीबाईंनी विचारलं.

"उनका रिचार्ज कराना पड़ेगा, बाईसाब."

इतक्यात ऋतिका गर्दीतून पुढे आली. "मामा, एक मिनिट ते डिवाइस द्या ना."

"हात मत लगाना बेटी! करंट लगेगा!"

"पाच व्होल्टचा, बाबाजी?" म्हणत तिनं यंत्रातलं कार्ड काढलं आणि पर्समधलं दुसरं घातलं. "हे माझं कार्ड. यात फक्त सापाचा गेम आहे. सापानं सफरचंद खायचं, बस." साप सळसळत आला, सफरचंद खाऊन गेला. मग तेच कार्ड तिनं लॅपटॉपला लावलं, काहीतरी पुसलं, परत यंत्रात घातलं आणि बटण दाबलं.

इनव्हॅलिड पार्टिशन २.

"म्हणजे सापाच्या घरातही भांडणं?" पलीकडच्या गल्लीतले गणोजी म्हणाले. खोली खदखदून हसली.

"साँप का भी आत्मा होता है," बाबा पुटपुटले.

"आणि सफरचंदाचा?" गणोजींनी विचारलं.

बाबांनी तार गुंडाळायला घेतली.

"मामा," ऋतिका म्हणाली, "हे पार्टिशन तुमच्या घराचं नाही, कार्डाचं आहे. कार्डात दोन खोल्या असतात. पहिलीत यंत्र जागं करायचं सामान, दुसरीत लिनक्स, गाणी, रेकॉर्डिंग. यंत्र जागं झालं, दोन नंबरच्या खोलीत जायला निघालं, तर खोलीच सापडेना. तेवढंच ते सांगतंय बिचारं. पण खोली आपोआप नाही जात. कुणीतरी कार्ड काढून कम्प्यूटरला लावलं असणार. नेहमीच्या कम्प्यूटरला लिनक्सची खोली वाचता येत नाही. माणसाला वाटतं रिकामी आहे, आणि तो पुसून टाकतो."

घरात कम्प्यूटर एकच. कोपऱ्यातला, भरतकामाच्या आच्छादनाखालचा, यशवंतरावांचा. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

अण्णांनी घराबद्दल काही बोलून ठेवलंय का, हे कल्पनाच्या आधी आपल्याला कळावं, एवढ्यासाठी यशवंतरावांनी ते कार्ड गुपचूप काढलं होतं. काही दिसेना म्हणून खटपट करताना दुसरी खोलीच पुसून टाकली, आणि घाबरून कार्ड परत बसवलं. त्या अक्षरांचा अर्थ कळला नव्हता, हे खरं. पण कुणाला तरी विचारायला हवं, हे कळलं होतं. विचारलं नाही, कारण चुकीचा अर्थ सोयीचा होता.

"मीच," ते म्हणाले. सभा गाजवणारा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोचला नाही.

कल्पना पुढे आली. तिनं यंत्रावरचा हार उचलला आणि फोटोला घातला. दोन थोबाडीत मारल्या असत्या तर परवडल्या असत्या.

"दारावरची पाटी पुसलीय फक्त," ऋतिका लॅपटॉपवर खटपट करत म्हणाली. "सामान आत तसंच आहे." तिनं जुन्या खोलीच्या हद्दी शोधून पुन्हा आखल्या, कार्ड बसवलं. यंत्र मुकाट्यानं सुरू झालं. "अण्णांचं शेवटचं रेकॉर्डिंग आहे, मामा. लावू?"

खोलीतली गर्दी पुढे सरकली. निघालेले बाबासुद्धा दारात थबकले.

"थांब," यशवंतराव म्हणाले. "त्यात काहीही असो. कल्पे, उद्या वकिलाकडे जाऊ. अर्धं घर तुझं." मग ते गर्दीकडे वळले, पण नजर जमिनीवरच होती. "आणि मंडळी, यंत्र काय म्हणतंय ते जाणत्याला विचारा. आपल्या मनातलं त्याच्या तोंडी घालू नका. मी घातलं. आता लाव."

ऋतिकानं बटण दाबलं. खरखर झाली. अण्णांनी घसा साफ केला.

"यशवंता... कल्पे... अरे, हे बंद कसं करायचं, ते कुणीतरी येऊन दाखवा रे."