उसनं बोट

मी ग्लुकोमीटर बोलतोय. एवढ्या नावाला जीभ वळत नसेल तर शुगरचं मशीन म्हणा, या घरात तेच म्हणतात. रक्ताचा थेंब घ्यायचा, पाच सेकंद थांबायचं आणि आकडा सांगायचा, एवढंच मला शिकवून कारखान्यातून पाठवलं. आगाऊपणा करायची सोय नाही.

मी आलो एका शिंप्याच्या घरी. पुढच्या खोलीत पायाने चालवायचं शिलाई मशीन, मागच्या खोलीत संसार. काकांना शुगर निघाली आणि दूरच्या शहरातल्या डॉक्टरीणबाई दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी मोबाइलवर दिसू लागल्या. मोबाइल डब्याला टेकवून उभा करायचा, समोर काका बसायचे आणि काकू माझा आकडा पडद्यासमोर धरायच्या. दहा मिनिटांत सगळं उरकायचं.

पहिल्या वेळी मी सांगितलं, दोनशे ऐंशी. काकांचं तोंड एवढंसं झालं.

"काका, असंच राहिलं तर इन्सुलिनची सुई लावावी लागेल हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्याच दुपारी टोचलेल्या बोटाचा डाग गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडला. काकांनी मला खिडकीत आदळलं. जसं काही रक्त माझंच होतं!

पुढच्या महिन्याच्या मंगळवारी काका म्हणाले, "अगं, तुझं बोट दे."

"माझं कशाला? शुगर तुम्हाला आहे."

"एकाच पातेल्यातलं जेवतो ना आपण? मग आकडा वेगळा कसा येईल? आणि लोकांचं हातावर पोट असतं, माझं बोटावर आहे. त्याला भोकं पाडू नकोस."

काकूंना पटलं की नाही, देव जाणे. पण त्यांनी बोट पुढे केलं. मी एकशे अठरा सांगितलं. डॉक्टरीणबाई खूश, काका त्याहून खूश. मला ओरडावंसं वाटलं, पण आकड्यापलीकडे मला शब्द येत नाही.

मग तीच रीत पडली. एकशे एकतीस. एकशे चाळीस. एकशे अठ्ठेचाळीस.

"जरा वाढलीय, पण शुगरच्या पेशंटला एवढी चालते. गोळ्या त्याच ठेवू. फक्त लॅबमध्ये रक्त तपासून घ्या."

"घेतो ना, याच आठवड्यात!" काका म्हणाले. शिंप्याचा वायदा तो. कधी पुरा झालाय?

काका मशीनवर अनवाणी बसायचे. एक दिवस टाचणी तळव्यात घुसली आणि त्यांना पत्ताच नाही. फरशीवरचं रक्त काकूंना दिसलं. शुगर वाढत गेली की पाय असे मुके होतात.

त्यानंतरच्या मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पायाला काही जखम?"

पडद्यावर काका छातीपर्यंतच दिसत होते. "छे हो, ठणठणीत!" टेबलाखाली पायाला फडकं गुंडाळलेलं होतं. काकू शेजारी उभ्या होत्या, गप्प. त्यांचा मला तेव्हा फार राग आला.

जखम चिघळली, पायाचा अंगठा काळा पडला. इस्पितळातल्या मशीनने चारशे बारा सांगितलं. गुडघ्याखालून पाय कापला.

पुढच्या महिन्याच्या मंगळवारी फोन वाजला तेव्हा काकू वॉर्डबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मी त्यांच्या उघड्या पिशवीत.

"असं कसं झालं, काकू? आकडे तर चांगले होते!"

काकूंचा बांध फुटला. "ते बोट माझं होतं, डॉक्टर. पहिली वेळ सोडली तर दर वेळी माझंच. मीच घालवला हो त्यांचा पाय."

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. खाली बघून कागद चाळत राहिल्या.

"ते एकशे अठ्ठेचाळीससुद्धा तुमचेच? उपाशीपोटी?"

"हो. तुम्ही सांगितलं होतं तसंच, काही न खाता."

"काकू, मग तुम्हालाही शुगर झालेली दिसतेय. तुमचं रक्त लगेच तपासायला हवं."

काकूंनी डोळे पुसले, फोन ठेवला आणि आत गेल्या.

"काय म्हणाल्या?" काकांनी विचारलं.

"काही नाही. तुमचीच चौकशी करत होत्या."

या गोष्टीला तीन आठवडे झाले. आम्ही घरी आलोय. काका आता मुकाट्याने स्वतःचं बोट देतात. काकू आकडा वहीत लिहितात, मला पुसतात, डबीत ठेवतात आणि झाकण लावून कामाला लागतात.

काकू, थांबा ना जरा. एक थेंब द्या. या खेपेला तुमच्या नावावर.