उंबऱ्यावरचं ताट

मित्रांनो, मी एक जुनी बाज आहे. बाज म्हणजे दोरीची खाट. तुम्ही आता गादीवर लोळता, म्हणून ओळख करून द्यावी लागते. बाभळीचे पाय, बाभळीच्या पट्ट्या आणि मधे घायपाताच्या दोरीची वीण. नगर जिल्ह्यातल्या बेलापूरच्या अलीकडच्या एका बारक्या गावात अजीज सुतारानं मला बनवलं. दोरी ताणता ताणता तो म्हणाला होता, "हत्ती बसला तरी मोडायची न्हाई ही. पर कुरकुर लई करंल."

खरं झालं त्याचं. कुरकुर मला जन्मापासून येते. शिवाय दोरी जरा सैल पडली की मी बसणाऱ्याला खालून चिमटा काढते. जो बोलण्यात लांबड लावतो त्याला तर हमखास!

मला गावातल्या ख्रिस्ती मंडळीनं घेतलं. मूठभर घरं, पत्र्याचं लहानसं चर्च आणि मागं एक खोली. नगरहून कुणी उपदेशक मुक्कामाला आला की त्याची पाठ माझ्यावर टेकायची. पाठीवरून माणूस कसा ओळखावा, ते मी तिथंच शिकले.

लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळायची मारामार. तशात मिशननं फिलिप मास्तर या उपदेशकाला आमच्याकडे कायमचं धाडलं. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर पायी फिरायचं, शुभवर्तमान सांगायचं, आजाऱ्यांना भेटायचं. मंडळीनं हलगी वाजवत त्यांना वेशीपासून आणलं. ते दमून माझ्यावर आडवे झाले आणि मी सवयीनं चिमटा काढला. तर गडी हसला! म्हणाला, "जिवंत आहेस होय गं तू?"

झालं. मी त्यांची झाले.

मंडळीनं मास्तरांना वार लावून दिले. म्हणजे आज या घरचं जेवण, उद्या त्या घरचं. ताट घेऊन बाया खोलीत यायच्या, मास्तर जेवेपर्यंत बसायच्या. पण चर्चचे पंच होते शांतवन. मनानं सोनं, पण शिस्तीचे भारी. त्यांनी फर्मान काढलं. "मास्तर प्रार्थनेत असत्यात. आत शिरून तरास द्यायचा न्हाई. ताट उंबऱ्यावर ठेवायचं, कडी वाजवायची, माघारी फिरायचं."

आदर, मित्रांनो! निव्वळ आदर!

संध्याकाळी मात्र मला अंगणात काढायचे आणि अख्खं गाव माझ्यावर बसून जायचं.

"मास्तर, म्हैस गाभण ऱ्हाईना. जरा प्रार्थना करा."

"मास्तर, जावई नांदवीना, त्याला दोन शब्द सांगा."

गोरक्ष तर मंडळीतला नव्हता, मारुतीच्या देवळापाशी राहायचा. तोही यायचा. "मास्तर, माझी आन सासऱ्याची बोलनी बंद हाय. तुमच्या देवाला जमतंय का बघा."

मास्तर सगळ्यांचं ऐकायचे. मी खालून चिमटे काढायची. पण "तुमचं कसं चाललंय?" असं त्यांना कुणी म्हणून विचारलं नाही. ते काय सांगणार होते, ते फक्त मला ठाऊक. डावा पाय ते माझ्यावर सरळ टेकवत नव्हते. आणि डोळा लागता लागता एकच नाव घ्यायचे, हन्ना.

मग बाजरीची काढणी आली. सारं गाव रानात. संध्याकाळची बैठक बंद पडली. नेमकं तेव्हाच मास्तरांना हिवतापानं धरलं. असे थडथडले, की माझे चारही पाय जमिनीवर वाजायला लागले. कडी वाजायची, मास्तर हाक मारायला बघायचे, पण ओठांबाहेर आवाज फुटत नव्हता. तोवर बाई निघून गेलेली. तिला रान गाठायचं असायचं.

आणि उंबऱ्यावरचं ताट? ते खायला खंड्या टपलेलाच. खंड्या म्हणजे गावाचं कुत्रं. तो भाकरी खायचा, कालवण चाटायचा, ताट आरशासारखं लख्ख करून ठेवायचा. बाया ताट न्यायला आल्या की खूश.

"बघा गं, माझ्या पिठल्याला मास्तरांनी कसं बोटानं पुसून घेतलंय!" बायडाबाई मिरवायची. "न्हाईतर लंके, तुझ्या घरचं वांगं. निम्मं तसंच ऱ्हातंय."

लंकाबाई म्हणजे गावातली सगळ्यात तिखट जीभ. वांग्याचं तिच्या मनाला लागलं. तिचा वार आला तेव्हा ताट ठेवून, कडी वाजवून, ती भिंतीआड दबा धरून बसली. मास्तर वांगं का टाकतात, ते तिला डोळ्यांनी बघायचं होतं.

दार उघडलं नाही. खंड्या आला. पोट जमिनीला घासतंय असा फुगलेला. शांतपणे जेवला. वांगं तेवढं बाजूला सारलं.

"ए बायडे!" लंकाबाईनं रानापर्यंत जाईल अशी आरोळी ठोकली. "पळ लवकर! तुझ्या पिठल्याला कोन बोटं लावतंय ते बघ!"

बाया धावल्या. मागून शांतवन पंच आले आणि दारात आडवे उभे राहिले. "आत जायाचं न्हाई. प्रार्थनेत असतील."

"चार-पाच दीस? देवबी मानसाला जेवायला सोडतो, पंच! सरका!"

तिनं दार लोटलं. मास्तर माझ्यावर मुटकुळं करून पडले होते. ओठ फुटलेले, डोळे मिटलेले. शांतवन पंच मटकन माझ्या काठावर बसले. एरवी त्यांना मी सोडलं नसतं. त्या दिवशी चिमटा काढला नाही.

"हन्ना..." मास्तर पुटपुटले.

"कोन हन्ना?" बायडाबाईनं विचारलं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

"बायको असंल," लंकाबाई म्हणाली. "इतकं बसलो आपन या बाजंवर, इतकं बोललो. एकानं तरी इचारलं का, मास्तर, तुमची मानसं कुठं हायती?"

पंचांनी मास्तरांच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

दवाखाना बेलापुरात. बैलगाड्या सगळ्या बाजरी वाहायला गेलेल्या. मग मलाच उचललं, मास्तरांसकट. पुढं शांतवन पंच आणि गोरक्ष, मागं अजीज सुतार आणि त्याचा भाऊ. वाटेत पंचांचा खांदा सोलला, तरी ते बदली घेईनात.

"पंच, खाली ठिवा की जरा," गोरक्ष म्हणाला.

"गप चाल. ताट बाहेर ठिवा म्हननारा मीच हाय."

आणि काय सांगू, अशा घडीलाही गंमत झालीच. खांद्यावर बाज, वर पांघरलेला माणूस. समोरून येणाऱ्या म्हाताऱ्यानं पागोटं काढलं, हात जोडले. "लई वंगाळ झालं. कवा गेले?"

पांघरुणातून एक हात वर आला. "सलाम, बाबा. अजून गेलो नाही."

म्हातारा बांधावरून थेट बाजरीत! गोरक्षाला हसू आवरेना, मी खांद्यांवर डुगडुगले. पण त्या आवाजानं चौघांच्या पायांत बळ आलं. पुढची वाट ते जवळजवळ पळालेच. आणि मी, मित्रांनो, जन्माची कुरकुरी, त्या वाटेवर एकदाही कुरकुरले नाही.

डॉक्टरनं हिवतापावरचं कडू कोयनेल दिलं. म्हणाला, आणखी उशीर झाला असता तर माणूस हाती लागला नसता.

ताप उतरला तशी माहिती निघाली. हन्नाबाई दोन लेकरांसह कर्जतकडे सासऱ्याच्या घरी. इथं एकच खोली, म्हणून मास्तरांनी त्यांना आणलंच नव्हतं, आणि मागून घ्यायचा स्वभाव नव्हता. मंडळीनं ठरवलं, तापानं निम्मे झालेल्या मास्तरांना आधी चांगल्या विसाव्यासाठी कर्जतला धाडायचं.

"आणि रविवारची उपासना?" मास्तर घाबरले.

"गानी आमाला येत्यात," लंकाबाई म्हणाली. "प्रवचन न्हाई जमलं तर गप बसू. देवाच्या कानालाबी जरा इसावा."

ते परतले तेव्हा खोलीला लागून दुसरी खोली उभी होती. भिंती बायांनी लिंपलेल्या, दार अजीजनं बसवलेलं. हन्नाबाई आणि लेकरं बरोबरच आली. शांतवन पंचांनी आपलं फर्मान आपणच मोडलं. आता आत यायचं, बाजेवर बसायचं, आणि आधी मास्तरांना विचारायचं. म्हैस, जावई, सासरा, सगळं मागनं.

पहिला मान लंकाबाईचा. ती धपकन बसली. "बोला मास्तर, कसं हाय तुमचं?"

इतकी वर्षं दुसऱ्यांचंच ऐकलं होतं त्या माणसानं. कपाळ पुसलं, छताकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "डाव्या पायात काटा मोडलाय. बरेच दिवस झाले."

"अगं बया! आन तसंच वाड्या फिरताय? बायडे, सुई आन!"

माझ्यावर बसूनच तिनं तो काटा काढला. मास्तरांचे डोळे भरले. काटा काही एवढा मोठा नव्हता.

आता मी म्हातारी झालेय. चर्चमागच्या पडवीत पडून असते, कोंबड्या माझ्यावर अंडी घालतात. खोलीत लोखंडी पलंग आलाय आणि त्यावर नवे मास्तर. बिचाऱ्या पलंगाला साधा चिमटाही काढता येत नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो. जो माणूस तुमच्यासाठी उन्हातान्हात फिरतो, त्याचा आदर जरूर करा. पण त्याचं ताट उंबऱ्यावर ठेवून माघारी फिरू नका. आत या. टेका. आधी त्याचं विचारा आणि उत्तर येईपर्यंत उठू नका. बसायला जागा नसेल तर मला पडवीतून ओढून न्या. चार काय, दहा जण बसा.

मोडले तर मोडले!